ओवा चावा

मालाडच्या मासळी बाजारात माझा नवरा छाती धरून खाली बसला. घामाने निथळत होता. मी फोनवर मराठीत शोधलं, तर उत्तर आलं: गॅस असेल, ओवा चावा.

शेजारी पापलेट निवडणाऱ्या बाईने ओढणीला हात पुसले आणि आपल्या फोनवर तेच इंग्रजीत शोधलं. ओठ हलवत सावकाश वाचलं.

“आजी, इथे लिहिलंय, ताबडतोब हॉस्पिटल.”

“मग आम्हाला मराठीत ओवा कशाला सांगितला?”

“आपली छाती स्वस्तातली वाटते या फोनवाल्यांना.”

नवरा पुटपुटला, “ओवाच दे गं.”

“गप बसा, आजोबा.”

हात पसरून ती रिक्षाला आडवी उभी राहिली, आतली माणसं उतरवली आणि आम्हाला बसवलं. नाव विचारायचं राहिलं. नवरा अजून ओवाच मागतो. मी देत नाही. तो जगलाय.