ठिपके हलले नाहीत

चेन्नईच्या आमच्या वस्तीतल्या भवानीअक्का गुम्मिडिपूंडीच्या एका रबर कारखान्यात एकवीस वर्षं एकच काम करतात. रबराच्या पट्टीवर दोन ठिपके काढायचे, पट्टी ताणून सोडायची, ठिपके पुन्हा जवळ आले की पास. वस्तीतल्या मोठ्यांसाठी मी रात्री वर्ग घेते; तिथे विश्व फुगतंय असं सांगितलं, ते म्हणूनच फक्त त्यांना चटकन कळलं.

"ठिपके हलत नाहीत, मधलं रबर वाढतं. पण ताणतंय कोण?"

"डार्क एनर्जी. ती काय आहे, ते शास्त्रज्ञांनाही माहीत नाही."

"मग नाव कशाला ठेवलं?"

आज त्यांनी एक पट्टी नापास केली. सोडल्यावरही ती लांबतच राहिली, म्हणाल्या. सुपरवायझर हसला, "अक्का, डोळे गेले तुमचे. उद्यापासून झाडू घ्या."

मी तावातावाने त्याच्याशी भांडायला निघाले. अक्कांनी मला बसवलं, डब्यातून ती पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि फूटपट्टी माझ्या हातात दिली. ठिपक्यांमध्ये सहा सेंटिमीटर अंतर होतं. त्यांनी चहा ओतला, तोवर सात झालं. पहिला घोट घेईपर्यंत नऊ. पट्टीला कुणाचाही हात लागला नव्हता.

"डोळे ठीक आहेत ना माझे?"

"ठीक आहेत, अक्का."

त्या निवांत चहा पिऊ लागल्या. मी खुर्ची मागे सरकवली.