परतीची मॅच

मुलगा जर्मनीत शिकायला गेला आणि त्याच्या तिथल्या गावचा फुटबॉल क्लब आमच्याही घरात शिरला. तोवर ऑफसाइड कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. पण जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई मी, चार शनिवारांत शिकले. शिकणं भागच होतं. एका विषयात तो दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर तिथलं कॉलेज काढूनच टाकतं, आणि त्यानं माझे फोन उचलणं बंद केलं होतं. 'जेवलास का?' असं लिहिलं तर उत्तर नाही. 'काय हा गोलकीपर, हात आहेत की पळ्या?' लिहिलं की मात्र पाच मिनिटांत दोन ओळी यायच्या. पोरगा धड आहे, एवढं कळायचं.

म्हणून दर शनिवारी संध्याकाळी मी बरकतपुऱ्यातल्या घरी टीव्हीसमोर बसायचे. क्लबचं नशीबही आमच्यासारखंच. जर्मन कपमध्ये खालच्या दर्जाच्या संघाकडून हरले. लीगमध्ये रडतखडत चाललं होतं. युरोपच्या स्पर्धेत मात्र घरच्या मैदानावर दोन गोलांनी जिंकले. सकाळी निकाल वाचला आणि मी, गुडघ्याला बाशिंग बांधलेली, बिल्डिंगभर पेढे वाटून आले. शेजारीण म्हणाली, "क्या टीचरम्मा, बेटा पास हो गया क्या?" मला दारातच रडू कोसळलं. मुलाला कळवलं, तर उत्तर आलं, "आई, अजून त्यांच्या मैदानावर परतीची मॅच आहे, दोन्हींचे गोल मिळून धरतात. आत्ताच पेढे काय वाटतेस?"

परतीच्या मॅचमध्ये तीन गोल खाल्ले आणि बाहेर पडले. माझीच दृष्ट लागली, दुसरं काय! त्यानंतर त्याचं उत्तर येईना. मी रोज लिहीत राहिले. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. परीक्षा झाली की नाही, तेही कळेना. देवासमोर बसून मी गोल मागितले. लाज वाटायच्या पलीकडे गेले होते मी.

लीगचा शेवटचा शनिवार आला. जिंकले तर पुढच्या वर्षी पुन्हा युरोप, आणि माझ्या वेड्या हिशेबानं, पोराचं उत्तर. हरले. मी लिहिलं, "हरलो रे आपण. आता काय लिहू तुला?"

लगेच फोन वाजला. आवाज ओळखू येईना इतका घोगरा.

"आई, मॅच बघणं मी केव्हाच सोडलंय. परीक्षेलाही गेलो नाही. खोलीतच असतो. तू लिहितेस तेवढंच वाचतो, दिवसभर. लिहिणं थांबवू नक्को."