आधी भांडण, मग भाकरी

लोधिवलीपासून खोपोलीपर्यंत बॉक्सिंगची अब्रू एकट्याने कोण सांभाळतं, असं विचारलं तर माझे चुलतसासरे स्वतःच हात वर करतील, तोही मूठ वळून. तरुणपणी कंपनीच्या संघातून ते एकदा, एकदाच, रिंगणात उतरले. नाक तेव्हापासून डावीकडे बघतं, पण श्रद्धा सरळ आहे. "लढायचं तं मुठीनं. पाय देवानं चालायला दिल्यात," हे त्यांचं तत्त्व. अंगणात पोरांचा चेंडू आला तर कण्हत वाकतील आणि हातानेच परत करतील, लाथाडणार नाहीत. जुन्या स्कूटरची किकसुद्धा ते हाताने मारतात. तेवढ्यात आम्ही चालत चौक गावी पोचतो.

अशा माणसाला निवृत्तीनंतर कोणीतरी स्मार्टफोन दिला आणि एमएमए नावाचा खेळ दाखवला. लाथा, ठोसे, कुस्ती, सगळं एकाच जाळीत. काकांचं पित्त खवळलं. "कोंबडीला खुराडं, मानसाला रिंगण!" व्हिडिओंखाली बॉक्सिंग आणि एमएमए, दोन्हीकडचे भक्त भांडतच असतात, त्यात काका उतरले. चष्म्यातून अक्षरं दिसत नाहीत म्हणून ते फोनला तोंडी सांगतात, तेही ओरडून, त्यामुळे आज कोणाची खरडपट्टी निघाली हे आळीला आधी कळतं आणि इंटरनेटला नंतर. मुख्य शत्रू 'पिंजऱ्याचा राजा' या नावाने लिहिणारा. तो म्हणायचा, तुमचा बॉक्सर खाली पाडला की उताणं कासव. मग काका दिवसभर धुमसायचे, उत्तर जुळवायचे, आणि संध्याकाळी दणक्यात ऐकवून दोन घास जास्त जेवायचे. त्या भांडणाने माणूस दहा वर्षांनी तरुण झाला होता.

एकदा भरात बोलून गेले, "हिंमत असंल तं लोधिवलीला ये!"

आणि रविवारी तो आला. शेलूहून, मोटारसायकलवर, पत्ता विचारत. पस्तिशीचा, चष्मा लावलेला, किडकिडीत. "मीच तो राजा," म्हणाला. काका बनियनवर अंगणात, मुठी हनुवटीशी. मी मध्ये पडणार, तेवढ्यात काकू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"अवो, उन्हातनं आलाय त्यो. पानी तं पिऊ द्या."

पाण्यामागून चहा आला, आणि चहा होईस्तोवर जेवणाची वेळ झाली. या घरात दारी आलेला उपाशी जात नाही. "जेव रं आधी," काकाच म्हणाले, "उपाशी मानसाला मी मारत नाय." वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी. राजाने तिसरी भाकरी मागून घेतली. हात धुऊन दोघे पुन्हा अंगणात उभे राहिले. काकांनी मुठी उचलल्या, त्याच्याकडे पाहिलं आणि खाली केल्या. त्यांच्या आईची शिकवण होती: आपल्या घरचं जेवला त्याच्यावर हात टाकायचा नाही, तोंडही टाकायचं नाही. हे भाकरी वाढताना त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

पुढल्या आठवड्यात राजाने लिहिलं, पायाविना खेळ म्हणजे अर्धा खेळ. काकांनी फोन तोंडाशी नेला, घसा खाकरला. आळीने कान टवकारले. "बरोबर हाय तुजं," काका हळू म्हणाले. "जेवलास का?" त्यावर राजाही विरघळला. बॉक्सिंगपण भारी आहे काका, म्हणाला. बॉक्सिंगवाल्यांनी काकांना फितूर ठरवलं, आणि तिथे सगळंच संपलं.

परवा गेलो तर आळी गप्प होती. काकांनी मला ओट्यावर बसवून फोनमधली जुनी भांडणं वाचून घेतली. मी म्हटलं, "दुसरा कोणी भेटेल की."

"भेटंल वो जावई. पन असा जीव लावून कोन भांडतंय आता?"

मला त्यांच्या वाकड्या नाकाकडे बघवेना. इतक्यात फाटकापाशी कोणाची तरी मोटारसायकल थांबली. काका ताडकन उठले, मान उंचावून पाहू लागले आणि आत वळून म्हणाले, "तांब्या लगेच आनू नको गं."

मोटारसायकल शेजाऱ्यांकडे आली होती.