जुनं काम दाखवा, डॉक्टर

आधी माझी चूक कबूल करते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी. दिनानाथ घरत मला पहिल्यांदा दिसला तेव्हा वाटलं, काय हा खडूस माणूस! माझ्या भाचीला, कमळला बघायला आलेला. पोह्यांची बशी हातात, मान खाली. मी एकावर एक विनोद करतेय आणि हा हसायचं नाव नाही घेत. एकदा ओठ जरा हलले, तर लगेच रुमाल तोंडावर. मी आत जाऊन भावाला म्हणाले, "पोरगा कमावता आहे, पण ह्याला आपल्या घरचा वास येतोय वाटतं. रुमालच काढत नाही तोंडावरचा!"

आता आठवलं की माझं मलाच हसू येतं. कसला वास आणि कसलं काय! त्याचे वरचे दोन सुळे पुढच्या दातांवर चढलेले. तेवढे झाकायला रुमाल. लग्नाचा एवढा जाडजूड अल्बम आहे, पण त्यात नवऱ्यामुलाचा एक दात दिसेल तर शपथ. मी तर विचारायची, "जावई, दात आहेत ना खरे? का फोटोला घरी ठेवून आलेले?" तो बिचारा रुमालाआडून खांदे हलवत हसायचा.

पोयनाडच्या पुढं खाडीकडं आमचं गाव. मी इथं आधी लग्न करून आले, मग लग्नानंतर भाचीला आणि जावयालाही इथंच ओढून आणलं. त्यांचं घर माझ्यापासून तिसरं. दिनानाथचा बाप मिठागरात राबला. हा मिठाच्या गोणी वाहणाऱ्या गाडीवर क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला, आणि आता स्वतःची दहा चाकी गाडी आहे. ती गाडी तो अशी राखतो की कमळ म्हणते, "पुढच्या जन्मी मला टायर कर रे देवा."

तर प्राप्ती, त्यांची एकुलती लेक. अकराव्या वर्षी तिचे सुळे फुटले ते थेट बापाच्या वळणावर गेले. पोरगी बोलकी, माझ्यावर गेलेली. शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन तीच करणार असं ठरलेलं. पंधरा दिवस घरात माइक म्हणून लाटणं घेऊन फिरली. आणि आयत्या वेळी बाईंना सांगून आली, घसा बसलाय. घसा कसला बसलाय! माझ्याशी दिवसभर भांडत होती.

दिनानाथला कळलं ते वेगळ्याच ठिकाणी. शाळेजवळ गाडी उभी करून तिची वाट बघत होता. मैत्रिणी काहीतरी बोलल्या, पोरगी हसली, आणि हसता हसता तळहात तोंडावर गेला. हे त्याला बाजूच्या आरशात दिसलं. संध्याकाळी माझ्या ओटीवर येऊन बसला. चहा घेतला नाही.

"आत्या, आरशात मला मीच दिसलो," म्हणाला. "माझं ऱ्हाऊ द्या. तिचं असं नको."

मला चेष्टा सुचली नाही. म्हणजे बघा.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर शोधायची मोहीम सुरू. प्रत्येकाचा एक सल्ला. कोणी म्हणे अलिबागला जा, कोणी म्हणे थेट मुंबई. माझं मत, जो जवळ तो चांगला. पहिल्यांदा अलिबागला एका दातांच्या डॉक्टरकडं गेले तिघं. त्यानं प्राप्तीचं तोंड उघडलं, टॉर्च मारली, म्हणाला, होऊन जाईल, सोमवारपासून तारा लावू.

दिनानाथ म्हणाला, "मापं न्हाय घेतली?"

"दिसतंय की समोर."

"साहेब, तुमी हेच काम शिकलाय का सगळंच करता?"

डॉक्टर म्हणाला, सगळंच करतो. दिनानाथनं पुढं विचारलं, "मंग तीन-चार वर्सांमागं केलेलं एखादं काम बघायला मिळंल का?"

डॉक्टर चिडला. कमळ लाजेनं अर्धी झाली. घरी आल्यावर माझ्याकडं तक्रार, "आत्या, ह्यांनी डॉक्टरला गॅरेजवाल्यासारखं विचारलं!"

"मंग चुकलं काय?" दिनानाथ म्हणाला. "इंजिनाचा मिस्त्री अलाइनमेंट करत न्हाय. अलाइनमेंटवाला येगळा असतो. आणि तो आधी सगळी चाकं मापतो. वाकडं दिसलं त्या चाकालाच पाना लावला, तर गाडी म्हयन्यात परत वढते."

मी म्हटलं, "जावई, पोरीला दहा चाकं नाहीत."

"दात तर अठ्ठावीस हायत, आत्या. गाडीपरीस अवघड काम हाय."

मग मुंबई. मांडव्याहून लाँचनं गेटवे, तिथून टॅक्सी. ह्या वेळी मीही गेले. तेवढीच मुंबई होईल म्हणून. दवाखाना असा की चप्पल काढावी का ठेवावी कळेना. काम मात्र तारांचंच करणारे. एक गोड मुलगी टॅबवर फोटो दाखवायला लागली. आधीचे दात, नंतरचे दात. सगळी गोरी-गोरी पोरं.

दिनानाथनं एका फोटोवर बोट ठेवलं. "हा कुठल्या गावचा?"

मुलगी गोंधळली. "सर, हे कंपनीचे फोटो आहेत."

"तुमच्या हातचा एखादा न्हाय?"

ती आत विचारायला गेली. तेवढ्यात ह्याचं दुसरं गणित सुरू झालेलं. दर महिन्याला तपासायला यायचं, आणि पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद. रस्त्यानं यायचं तर एक अख्खा दिवस, शाळा बुडवून. "चार म्हयने तार सैल झाली तर कोण बघंल?" एवढं म्हणून उठला. मला मस्तपैकी खुर्चीत एसी लागत होता, मी मात्र उठायला तयार नव्हते.

परतीच्या लाँचवर प्राप्ती तोंड पाडून बसली होती. मी तिला म्हटलं, "तुझ्या बापाला डॉक्टर नको, दातांचा आरटीओ पाहिजे." ती हसली, आणि हात पुन्हा तोंडावर. दिनानाथनं ते बघितलं, समुद्राकडं तोंड फिरवलं. मी जीभ चावली.

तिसरी म्हणजे पेणची हेमाली मॅडम. पोयनाडहून गाडी सारखी मिळते, पावसाळा असो नाहीतर काही. तीही फक्त तारांचंच काम करणारी. वयानं लहान, बोलायला हळू. तिनं प्राप्तीला आधी विचारलं, "तुला काय वाटतं? तुला हवंय का बाबांना हवंय?"

आमच्यापैकी हे कोणीच विचारलं नव्हतं हो. मीसुद्धा नाही.

प्राप्ती म्हणाली, "मला हवंय. मला माइकवर बोलायचंय."

मग मॅडमनी जबड्याचा एक्स-रे काढला, गुलाबी लगदा तोंडात घालून साचे घेतले, मापं घेतली, वरचे-खालचे दात कसे बसतात ते बघितलं. दिनानाथ शेजारी उभा राहून असा बघत होता, जणू मॅडम त्याची परीक्षा देतेय. आणि शेवटी त्याचा तो प्रश्न. जुनं काम दाखवा.

मॅडम रागावली नाही. म्हणाली, "दुसऱ्या पेशंटचं असं दाखवता येत नाही, काका. पण विचारून बघते, कोणी तयार असेल तर."

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. रुचिका नावाची मुलगी, पेणच्याच बाजारात मोबाइलच्या दुकानात बसते, तारा काढून चार वर्षं झाली, या, म्हणाली. दिनानाथ खडीची फेरी टाकून तसाच गेला. हे मला रुचिकानंच नंतर सांगितलं. अंगावर धूळ, हातात किल्ली, असा दांडगा माणूस काउंटरपुढं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, जरा हसता का?" दुकानाचा मालक मारायलाच उठला! नशीब, मॅडमनी सांगितलेला माणूस हाच हे रुचिकाच्या लक्षात आलं. तिनं हसून दाखवलं. मग पर्समधून एक डबी काढली, त्यात पारदर्शक प्लेट.

"अजून रात्री लावते," ती म्हणाली. "मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तारा निघाल्या म्हणजे काम संपलं असं समजू नकोस. दात परत फिरतात."

दिनानाथ तिथून घरी आला तो जग जिंकल्यासारखा. "काम झाल्यावर काय करायचं ते जी आधी सांगते, तीच आपली डॉक्टर!"

एवढी धावपळ करून डॉक्टर ठरली, आणि मॅडम काय म्हणाली? आत्ता तारा नाही लावायच्या. दोन दुधाचे दात पडायचे आहेत. सात-आठ महिन्यांनी या.

मी तर हसून हसून लोळले. अख्ख्या आळीला सांगितलं, जावयानं जिल्हा पालथा घालून अशी डॉक्टर शोधली जी कामच करत नाही! लोक त्याला विचारायचे, काय रे, दात पडले का? तो शांतपणे सांगायचा, "एक पडला, एक राहिला." ज्याला आपल्या दातांबद्दल कोणी बोललेलं चालायचं नाही, तो चारचौघांत लेकीच्या दातांचा हिशेब द्यायला लागला. त्या दिवसांत मला त्याचा फार अभिमान वाटला. त्याला बोलले नाही अर्थात. डोक्यावर बसला असता.

मग तारा लागल्या. बावीस महिने. एकही तारीख चुकली नाही. पोरीला चिक्की बंद, उसाचं कांडं बंद. दिनानाथनंही बंद केलं, तिच्यासमोर खायचं नाही म्हणून. एकदा मॅडम त्याला म्हणाली, "काका, तुमचेही सरळ होतील, वयाचा प्रश्न नाही." तो रुमालाआडून म्हणाला, "आधी नवी गाडी गॅरेजातनं निघू दे, मॅडम. जुनीचं मंग बघू."

गेल्या महिन्यात तारा निघाल्या. ते पेणहून आले तेव्हा मी ओवाळायला आरती घेऊन तयार. प्राप्तीला पाटावर बसवलं, हनुवटी धरून नीट बघितलं. काय दात दिसत होते म्हणून सांगू! डोळे भरून आले. आता मी म्हणजे मी. सगळं गोड गोड कसं म्हणणार?

"जावई, झकास झालंय," मी म्हटलं, "पण पुढच्या दोन दातांमधली रेघ जरा डावीकडं सरकलीय."

"न्हाय."

"अहो, मी सांगते ना. नाकाच्या खाली बरोब्बर यायला पाहिजे. नाही आली."

"न्हाय सरकली, आत्या."

"बावीस महिने आणि एवढा शोध घेऊन शेवटी रेघ वाकडीच!"

तो उठला. आत गेला, शिवणाचा दोरा घेऊन आला. एक टोक प्राप्तीच्या कपाळाच्या मध्ये धरलं, दुसरं तिच्याच दोन्ही हातांत दिलं, हनुवटीखाली ताणून. आम्ही सगळे वाकलो. दोरा भुवयांच्या मधून आला, पुढच्या दोन दातांमधल्या रेघेवर अगदी बसला, हनुवटीच्या खळीत गेला. मधलं नाक तेवढं दोऱ्याच्या उजव्या अंगाला.

"दात दोरीत हायत," दिनानाथ म्हणाला. "नाक दोरीच्या भायेर हाय."

कमळ फिसकन हसली. मी म्हटलं, "काहीतरीच!" तोवर त्यानं दोरा उचलून माझ्या चेहऱ्यासमोर धरला.

"आत्या, हलू नका." एक डोळा मिटून बघितलं. "व्हय. त्याच बाजूला. तेवढंच."

मी झटकन नाकावर पदर घेतला. प्राप्ती पाटावर बसल्या बसल्या मागं पुढं होऊन खदखदत होती, सगळेच्या सगळे दात बाहेर, दोन्ही हात मांडीवर आपटत.

"दात म्या निवडलेल्या डॉक्टरनं केले," जावई दोरा रिळावर गुंडाळत म्हणाला. "नाक तुमच्या म्हायेरचं हाय. त्याची तक्रार तुमच्या भावाकडं करा."