बेकरीला बोलायचा हक्क

नेड्रा क्वाले कधी कोर्टाची पायरी चढेल, असं गार्नेट फोर्क या डोंगराळ गावात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. नवऱ्यामागे तिने बेकरी एकटीने सांभाळली, कर वेळेवर भरला आणि कुणीतरी सुचवलं म्हणून बेकरीची रीतसर कंपनी करून घेतली. सगळं रामायण घडलं ते त्या कंपनीपायी.

डोंगरातली तांब्याची जुनी खाण पुन्हा उघडायची बोलणी चालली होती. नेड्राचा धाकटा भाऊ रोलंड शाळेची बस चालवायचा. खाणीचं पाणी नदीत सोडू देणार नाही, एवढं एकच म्हणणं घेऊन तो पाणीमंडळाच्या निवडणुकीला उभा राहिला. नेड्राने पावाच्या पिशव्यांवर छापून घेतलं, ‘पाणी पिता ना? मग रोलंडला मत द्या.’

म्हातारा मिक ट्रेव्हेना, जन्मभर खाणीत राबलेला, ती पिशवी घेऊन तावातावाने दुकानात आला.

“माझी पोरं कामासाठी परमुलखात गेलीत, आणि तू खाण अडवतेस? आजपासून तुझ्याकडची पेस्टी खाणं बंद!”

“मर उपाशी, म्हाताऱ्या.”

आठवडाभर तो फिरकला नाही. मग आला, खिमा-बटाटा भरलेली, मोठ्या करंजीसारखी पेस्टी घेतली, आणि भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

रोलंड थोडक्यात निवडून आला. पण कुणीतरी तक्रार केली. कंपनीने निवडणुकीत एक पैसाही खर्च करायचा नाही, असा राज्याचा कायदा होता; खाणमालक आमदारांना खिशात घालून फिरत त्या काळातला. पिशव्या कंपनीच्या पैशातून छापलेल्या. नेड्राला दंड झाला.

“अहो, कंपनी म्हणजे मीच की!” ती फोनवर सरकारी कारकुनावर उखडली. “घरातून बोलले तर चालतं, आणि दुकानातून बोलले की गुन्हा?”

ही बातमी वाचून राजधानीतून ग्रेडन व्हिटलॉक नावाचा वकील आला. फी नको म्हणाला. “बाई, चार माणसांनी मिळून कंपनी काढली, म्हणून त्यांची जीभ कापायची का?”

नेड्राला ते मनापासून पटलं. रोलंडला मात्र शंका होती. “अगं, हा फुकट लढतोय म्हणजे याचे पैसे दुसरं कुणीतरी भरतंय.”

“भरू दे. बोलतोय ते खरं आहे ना?”

ती केस जिंकली. जुना कायदा रद्द झाला, पेपरात तिचा फोटो आला.

पुढच्या निवडणुकीत घरोघरच्या टपालपेटीत गुळगुळीत पत्रकं येऊन पडू लागली. त्यावर रोलंडचा मुद्दाम काळवंडवलेला चेहरा. तरुणपणी जोरात गाडी चालवल्याबद्दल त्याला दंड झाला होता, तो उकरून काढून खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘याच्या हाती तुमची मुलं?’ टीव्हीवरही तेच. पाठवणारा ‘निर्मळ नदी नागरिक मंच’; त्यामागे पैसा कुणाचा, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नेड्रा गाडी काढून मंचाच्या पत्त्यावर गेली. तिथे एक छोटं दुकान आणि भिंतभर भाड्याच्या टपालपेट्या.

“या पेटीसाठी कुणी येत नाही,” गल्ल्यावरची मुलगी म्हणाली. “टपाल आम्ही पुढे पाठवतो. कुठे, ते नाही सांगता येत.”

भांडायला म्हणून गेलेल्या नेड्रासमोर भांडायला कुणीच नव्हतं.

रोलंड सपाटून हरला. काही पालकांची नजर बदलली, तेव्हा त्याने बसही सोडली. बहिणीला त्याने दोष दिला नाही. तेच तिला जास्त लागलं.

तिने व्हिटलॉकला फोन केला.

“तुम्हाला जो हक्क मिळाला, तोच त्यांनाही मिळाला,” तो म्हणाला.

“मी बोलले तर मिक माझ्या तोंडावर सांगतो, पेस्टी बंद. या मंचाला कुणी कुठे जाऊन सांगायचं?”

“आणि तुमच्या पिशवीवर काय छापायचं ते उद्या सरकारने ठरवलं तर? ते चालेल?”

“नाही चालणार,” ती म्हणाली.

हिवाळ्यात विधिमंडळात एक विधेयक आलं. प्रचाराला पैसा कुणी दिला, त्यांची नावं पत्रकावर छापायची. नेड्रा बाजू मांडायला गेली. तिच्या गाडीत शेजारच्या सीटवर मिकही होता.

“खाण मला हवीच आहे,” तो समितीला म्हणाला. “पण माझ्या बाजूने कोण बोलतंय, ते मला तरी कळू द्या!”

विधेयक त्या वर्षी पडलं. पुढच्या खेपेला मंजूर झालं, तेही बरीच काटछाट होऊन.

“केस हरली असतीस तर बरं झालं असतं, असं वाटतं का गं?” रोलंडने एकदाच विचारलं.

नेड्रा म्हणाली, “नाही. बोलू दिलं नसतं तर मी अजून भांडत असते. पण ते तुझ्यावर शेकलं, हे काही मनातून जात नाही.”

रोलंडने मान हलवली. वसंतात शाळेतल्या मुलांच्या दोन आया त्याच्या दारी आल्या आणि म्हणाल्या, नवा ड्रायव्हर घाटात घाबरतो, तुम्ही परत या. त्याने दोन दिवस आढेवेढे घेतले, मग गेला.