अण्णांची साक्ष

माझ्या सासऱ्यांच्या नावावर एक खून होता. म्हणजे केला नव्हता त्यांनी. तेवढी धमक आमच्या घराण्यात कुणातच नाही. अण्णा त्या खटल्यात पंच होते. पोलिस आरोपीला घेऊन जातात, तो लपवलेलं हत्यार काढून देतो, आणि हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत घडलं असं दोन प्रतिष्ठित माणसं सही करून सांगतात, ते पंच. अण्णा तालुक्याच्या गावी पाटबंधारे खात्यात कारकून होते. गावात प्रतिष्ठित माणसांचा तुटवडा असावा.

गोष्ट ठरलेली होती. आरोपी पुढे, फौजदार मागे, त्यांच्यामागे अण्णा. गोठा, गोठ्यात बांधलेली काळी म्हैस, पलीकडे कडब्याची गंज. आरोपी गंजीत हात घालतो. इथे अण्णा आमच्या सिंगापुरातल्या, क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमधल्या सोफ्याच्या फटीत कोपरापर्यंत हात घालायचे आणि नसलेला कोयता उपसून पाहुण्यांच्या नाकासमोर धरायचे. त्या सोफ्यातून जेवढे कोयते निघाले तेवढ्या वेळा टीव्हीचा रिमोट निघाला असता तर माझं कल्याण झालं असतं. शेवटी 'जन्मठेप' हा शब्द ते असा उच्चारायचे, जणू निकालही त्यांनीच लिहिला होता. माझ्या लग्नाच्या बैठकीतसुद्धा ही गोष्ट झाली होती. घराणं वजनदार दिसतंय, असं माझे वडील म्हणाले, आणि मी फसले.

ज्या वर्षी अण्णा आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे लांबच्या मुक्कामाला आले, त्या वर्षी सिंगापुरात एका खटल्यावरून बरीच कुजबुज चालू होती. एका तरुणाला खुनासाठी फाशी सुनावली होती. सुरा त्यानेच दाखवलेल्या जागी सापडला, हा मोठा पुरावा. तो म्हणत होता, मी जागा दाखवलीच नाही. अपील फेटाळलं गेलं होतं, आणि लोक पेपरात पत्रं लिहीत होते. आमची मराठी मंडळीही चर्चा करायची, पण खिडक्या लावून. सरकारने दिलेल्या पासवर परदेशात नोकरी करणारा माणूस न्यायाबद्दल फार हळू बोलतो. 'हे काय इंडिया आहे? इथे चूक होतच नाही,' असं एका गृहस्थांनी आमच्याकडे मिसळ खाता खाता ठणकावून सांगितलं. हेच गृहस्थ पार्किंगचा दंड चुकीचा लावला म्हणून महिनाभर भांडत होते.

खरी चर्चा व्हायची ती आमच्या इमारतीखाली, व्हॉइड डेक म्हणतात त्या मोकळ्या तळमजल्यावर. तिथे दगडी बाकांवर म्हातारे चिनी लोक बुद्धिबळ खेळत बसायचे. त्यांच्यातल्या एका निवृत्त बस ड्रायव्हरशी अण्णांची गट्टी जमली. त्याला अण्णांचं इंग्रजी कळायचं नाही आणि अण्णांना त्याचं, त्यामुळे मैत्री टिकली. ड्रायव्हरच्या मनात त्या तरुणाबद्दल शंका होती. अण्णांनी छातीवर हात मारून सांगितलं, आय वॉज विटनेस, मर्डर केस, सेम टु सेम. आरोपी नंतर असंच म्हणतो. कोर्ट नेव्हर राँग.

झालं. अण्णा बाकावरचे न्यायमूर्ती झाले. पंख्याखालची जागा त्यांची, कॉफी त्यांना आधी, आणि कुणी नवा म्हातारा शंका काढू लागला की ड्रायव्हर त्याला अण्णांकडे बोट दाखवून गप्प करायचा. आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाला म्हातारपणी परदेशात बढती मिळाली होती. अण्णा खाली जाताना शर्टाला इस्त्री मागू लागले. मी करून द्यायची, कुरकुर करत.

त्यात आमची मुलगी शाळेच्या वादविवाद संघात. त्या तरुणाची शिक्षा अन्यायाची होती, ही बाजू तिच्या वाट्याला आली. प्रश्न कसे विचारायचे याचा सराव करा, असं तिच्या शिक्षिकेने सांगितलं होतं, आणि आमच्या घरात साक्षीदार तयारच होता. रविवारी दुपारी अण्णा खुर्चीत ताठ बसले. आई मेथी निवडत होत्या, मी कणीक मळत होते. लेकीने वहीबिही काही न घेता सुरुवात केली. तुम्ही कुठे उभे होतात, कोण आधी आत गेलं, त्याने कुठला हात घातला. अण्णा रंगात आले होते. म्हैस तर त्या दिवशी शिंगंही हलवत होती.

"किती वाजले होते?" लेकीने विचारलं.

भर दुपार होती, ऊन मी म्हणत होतं, असं अण्णा म्हणाले.

आईंनी मान वर केली नाही. "दुपारी कसं असेल? त्या दिवशी तुमच्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते. तुम्ही दुपारभर घरात होतात. दिवे लागल्यावर जमादार बोलवायला आला, तेव्हा अर्धा चहा टाकून गेलात आणि लगेच परत आलात."

"तू गप्प बस."

"बसलेच आहे," आई म्हणाल्या. "तीस वर्षं गप्पच बसलेय."

लेकीने आजोबांकडे पाहिलं. "सो यू नेव्हर सी, आह?" दूध संपलं का, असं विचारावं त्या सुरात.

अण्णांनी आधी खाकरून पाहिलं. मग तो दिवस जुना झाला, आता कोण लक्षात ठेवतो, असंही म्हणून पाहिलं. शेवटी सगळं बाहेर आलं. कोयता फौजदाराच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवलेला होता. कागद लिहून तयार होता. भाऊसाहेब, सही करा, आमची जेवणं खोळंबलीत, असं जमादार म्हणाला, आणि अण्णांनी सही केली. सगळेच करायचे. फौजदाराला नाही कोण म्हणणार? कोर्टाच्या तारखेआधी जमादाराने त्यांच्याकडून सगळं पाठ करून घेतलं. तो गोठा अण्णांनी जन्मात पाहिलेला नव्हता. म्हैस तर त्यांनी स्वतःच्या पदरची घातली होती.

मला आधी हसूच फुटलं. आणि मग असा संताप आला की कणकेचे हात तसेच घेऊन मी बाहेर आले. माणूस तोच होता, सगळं गाव म्हणत होतं, असं अण्णा पुन्हा पुन्हा सांगत होते. कुणाला सांगत होते ते कळेना, कारण आमच्यापैकी कुणीच काही विचारत नव्हतं. लेक उठून आपल्या खोलीत गेली. रात्री अण्णांनी ताटाला हात लावून नमस्कार केला आणि ते न जेवताच उठले.

सकाळी ते बिनइस्त्रीच्या शर्टात माझ्यासमोर उभे. मला म्हणाले, खाली चल, माझं इंग्रजी पुरायचं नाही. मी म्हटलं, अण्णा, कशाला उकरून काढता? इथे कोण विचारायला येतंय? तुमची बाकावरची जागा मात्र जाईल.

"जाऊ दे," अण्णा म्हणाले. "माझ्या शब्दावर ते त्या पोराला फासावर चढवून बसलेत."

गेले मी. अण्णा एकेक वाक्य सांगत होते आणि मी ते इंग्रजीत करत होते. लाज त्यांची, पण ती माझ्या तोंडून बाहेर पडत होती, आणि कान माझे तापत होते. ड्रायव्हर हातात सोंगटी धरून शेवटपर्यंत ऐकत राहिला. मला वाटलं, आता हसेल, नाहीतर उठून जाईल. त्याने एवढंच विचारलं, की तो माणूस तुरुंगातून सुटला का. मी अण्णांना विचारलं. गोष्ट नेहमी जन्मठेपेपाशी संपायची. त्यापुढे काय झालं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. ठाऊक नाही, असं मी सांगितलं. ड्रायव्हरने मान हलवली आणि पटाकडे वळला. कॉफी त्या दिवशीही अण्णांना आधीच मिळाली. त्यांनी ती प्यायली नाही.

लिफ्टसाठी उभे होतो. मनात माझ्या राग होता आणि कीवही येत होती, आणि सून म्हणून काहीतरी बरं बोलावं हेही कळत होतं. झालं ते झालं, असं काहीतरी मी पुटपुटले. अण्णांनी ऐकलं नाही.

"त्याची बायको यायची तारखेला," ते म्हणाले. "कडेवर पोरगी. मला आत बोलवायच्या आधी ती पोरगी रडत होती, म्हणून मी खिशातली पेपरमिंटची गोळी दिली तिला. तुझ्याहून थोडी लहान असेल ती आता."

इतक्या वेळा ऐकलेल्या गोष्टीत ही मुलगी कधी आली नव्हती. लिफ्ट आली, दार उघडलं. अण्णा आत शिरेनात.

"तिच्या आईला वाटलं, मी त्यांच्या बाजूने बोलायला आलोय," ते म्हणाले. "तिने पोरीला खाली उतरवलं आणि माझ्या पाया पडायला लावलं."