गुलाबी पडलेले पितळ

प्रा. शैलाताई म्हात्रे यांना मी प्रथम पाहिले ते उरणच्या आमच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या वर्गात. संक्रमण धातूंची पहिली रांग फळ्यावर लिहून बाई म्हणाल्या, "डावीकडून उजवीकडे जाताना हे धातू इलेक्ट्रॉन सोडायला सहसा नाखूष होत जातात. तांबे तर फारच. त्याच्या शेजारचे जस्त मात्र चटकन सोडून मोकळे होते." मी ते परीक्षेपुरते पाठ केले. त्याचा अर्थ कळला तो पुढे, चौलजवळच्या एका कोळीवाड्यात.

तिथले धाकू नाखवा बाईंच्या ओळखीचे. त्यांचा धाकटा भाऊ समुद्रात बुडाला, आणि तेव्हापासून भरती लागली की त्यांच्या होडीच्या तळातून ठोके येऊ लागले. बाई मला सोबत घेऊन गेल्या. भर दुपारीही तळात अंधार होता. पाणी चढले आणि ठोके आले. सावकाश, कुणी बंद दार वाजवावे तसे.

"भाव हाय माजा," नाखवा पुटपुटले. "त्याला घरा यायचाय."

बाई हसल्या नाहीत. फळ्या धरून ठेवणारे पितळी बोल्ट त्यांनी हातोडीने एकेक वाजवून पाहिले. काही खणखणले, काहींचा आवाज मातीसारखा आला. त्यातला एक त्यांनी पान्याने दाबला, तर तो बिस्किटासारखा चुरला. आतून गुलाबी. खाऱ्या पाण्याने पितळातले जस्त केव्हाच ओढून नेले होते. उरले होते भुसभुशीत तांबे, बोल्टचा आकार तेवढा धरून. फळी सैल होऊन भरतीत आपटत होती.

"नाखवा, ही होडी उद्या समुद्रात नेऊ नका. कुणीच परत येणार नाही."

होडी वाळूवर ओढली, बोल्ट बदलले. काम संपले, सुतार गेले, आणि कोरड्या वाळूवर उभ्या त्या होडीतून पुन्हा ठोके आले. आम्ही तिघांनीही ऐकले.

"आता ह्ये काय, मॅडम?"

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "पण ऐकले मी." नाखवांचे रडून होईपर्यंत त्या होडीला टेकून त्यांच्याशेजारी बसून राहिल्या.

आज मीही शिकवतो. विद्यार्थ्यांसमोर 'मला ठाऊक नाही' म्हणताना आवाज कापत नाही, ही बाईंची देणगी. पंच्याहत्तरीत पाऊल टाकणाऱ्या बाईंना उदंड, निरामय आयुष्य लाभो, आणि भ्यालेल्या माणसाशेजारी बसण्याचे बळ त्यांच्या अंगी असेच राहो.